व्यवसायाचं नाव ठेवताय? इन्स्टाग्रामवर मोकळं दिसलं म्हणजे ते तुमचं झालं असं नाही!



केक, मेंदी, मसाले, टी-शर्ट, क्लासेस, यूट्यूब चॅनल... आज प्रत्येकाच्या ओळखीत कुणी ना कुणी छोटा व्यवसाय सुरू करतंय, आणि त्याचा निम्मा कारभार मोबाईलवरच चालतो. अशा वेळी घरात ज्याला 'मोबाईलमधलं कळतं', त्याच्याकडे एक काम हमखास येतं: "एक छानसं नाव शोधून दे ना!" माझ्याकडेही आलं होतं. मी पंधरा मिनिटांत नाव शोधून दिलं, आणि त्या पंधरा मिनिटांची किंमत माझ्या मावशीला मोजावी लागली.

म्हणून हा लेख. व्यवसायाचं नाव वेगळं आणि कायद्याने सुरक्षित आहे की नाही हे कसं तपासायचं, ट्रेडमार्क म्हणजे काय, फी किती, आणि कोणती नावं पहिल्यापासूनच टाळायची, हे सगळं आपण पाहणार आहोत. एक गोष्ट आधीच सांगतो, मी वकील नाही. पण चूक करून शिकलेला माणूस नक्की आहे.

आधी माझी चूक ऐका

माझी मावशी मिरजेला राहते. भाजणी, मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी ती वर्षानुवर्षं ओळखीच्या लोकांना करून देते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर मावसबहिणीने ठरवलं की आता नीट पाकिटात भरून, लेबल लावून विकायचं. नावाचं काम माझ्याकडे आलं.

मी एक छोटंसं, गोड मराठी नाव सुचवलं. इन्स्टाग्रामवर त्या नावाचं हँडल मोकळं होतं. डोमेन मोकळं होतं. गुगलवर त्याच स्पेलिंगने शोधलं, तर काही सापडलं नाही. "मावशी, नाव एकदम फ्रेश आहे," असं मी छातीठोकपणे सांगितलं. लोगो केला, तीन हजार लेबलं छापली, पेज सुरू झालं. दिवाळीत माल चांगला खपला.

गुढीपाडव्याच्या सुमारास मावशीच्या नावाने पोस्टाने एक पाकीट आलं. वकिलाची नोटीस होती. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका मसाल्याच्या ब्रँडचं नाव उच्चाराला हुबेहूब आमच्यासारखं होतं, फक्त रोमन स्पेलिंग वेगळं. त्यांचा ट्रेडमार्क आमच्या कितीतरी आधी नोंदलेला. पंधरा दिवसांत नाव वापरणं बंद करा, उरलेली लेबलं नष्ट करा आणि पुन्हा वापरणार नाही अशी लेखी हमी द्या, असं त्यात लिहिलं होतं.

मावशीचा पहिला प्रश्न होता, "अरे, म्हणजे मी चोरी केली का?"

चोरी कुणीच केली नव्हती. पण ओळखीच्या वकिलांना कागद दाखवले तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं की 'आम्हाला माहीत नव्हतं' एवढ्यावर सुटका होत नाही. नाव त्यांचं आहे, माल एकाच प्रकारचा आहे, गिऱ्हाईकही एकच आहे. नाव बदला, लढण्यात अर्थ नाही. मग लेबलं गेली, पेजचं नाव बदललं, जुन्या गिऱ्हाइकांना एकेक मेसेज करून कळवावं लागलं. मावशी एवढंच म्हणाली, "बाळा, बारसं एकदाच करतात रे. आपल्याला दुसऱ्यांदा करावं लागलं."

पाच कागद हातात, पण नावाचा हक्क एकही नाही

आमच्याकडे तेव्हा बरंच काही होतं, म्हणूनच मी निर्धास्त होतो. बहुतेक जण इथेच फसतात, म्हणून एकेक पाहू.

१) इन्स्टाग्राम हँडल: हे त्या ॲपवरचं तुमच्या खात्याचं नाव आहे, बस. ते मोकळं असणं म्हणजे अजून कुणी ते घेतलेलं नाही, इतकाच अर्थ. ट्रेडमार्कच्या मालकाने तक्रार केली तर हँडल हातातून जाऊही शकतं.

२) डोमेन: डोमेन विकणारी कंपनी ट्रेडमार्क तपासत नाही. पैसे भरले की डोमेन मिळतं. उलट, सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवे प्रकरणात स्पष्ट केलं आहे की डोमेननेमलाही ट्रेडमार्कसारखंच संरक्षण मिळू शकतं. म्हणजे दुसऱ्याच्या ब्रँडसारखं डोमेन घेतलं, तर तेही भांडणाचं कारण होतं.

३) गुमास्ता म्हणजेच शॉप ॲक्ट आणि उद्यम नोंदणी: तुम्ही व्यवसाय करता याची ही नोंद आहे. त्याच नावाने दुसऱ्या तालुक्यात कुणी दुकान काढलं, तर हे कागद त्याला थांबवू शकत नाहीत.

४) जीएसटी आणि अन्नपरवाना: एक कराचा, दुसरा अन्नसुरक्षेचा. त्यावर व्यवसायाचं नाव छापलेलं असतं म्हणून ते नावाच्या मालकीचं प्रमाणपत्र होत नाही.

५) कंपनीची नोंदणी: आमची कंपनी नव्हती, पण तुमची असेल तर हेही लक्षात ठेवा. कंपनीचं नाव मंजूर झालं तरी ट्रेडमार्क आपोआप मिळत नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १६ नुसार, नोंदणीकृत ट्रेडमार्कचा मालक तुमची कंपनी स्थापन झाल्यापासून तीन वर्षांच्या आत अर्ज करून ते नाव बदलायला लावू शकतो.

मग ट्रेडमार्क म्हणजे नेमकं काय?

सोप्या भाषेत सांगायचं तर, गिऱ्हाइकाला 'हा माल अमुक माणसाचाच' हे ज्यावरून कळतं ती खूण म्हणजे ट्रेडमार्क. ते नाव असेल, लोगो असेल किंवा दोन्ही मिळून असेल. भारतात यासाठी ट्रेड मार्क्स ॲक्ट १९९९ हा कायदा आहे आणि तो २००३ पासून लागू आहे.

यात दोन गोष्टी नीट समजून घ्या.

पहिली गोष्ट वर्गाची. सगळ्या वस्तू आणि सेवा मिळून ४५ वर्ग केलेले आहेत. १ ते ३४ वस्तूंचे आणि ३५ ते ४५ सेवांचे. मसाले, पीठ, चहा, बेकरीचे पदार्थ वर्ग ३० मध्ये. दूध, तूप, खाद्यतेल वर्ग २९ मध्ये. साबण आणि सौंदर्यप्रसाधनं वर्ग ३ मध्ये. दागिने १४, कपडे २५, शिकवणी आणि मनोरंजन ४१, हॉटेल आणि खाणावळ ४३. नोंदणी त्या त्या वर्गापुरती असते. म्हणून एकच नाव कपड्यांसाठी एकाचं आणि साबणासाठी दुसऱ्याचं असू शकतं. पण 'टाटा'सारखी सर्वज्ञात नावं याला अपवाद आहेत. ती तुम्ही चपलांसाठीही घेऊ शकत नाही आणि चहासाठीही नाही.

दुसरी गोष्ट आधी वापरण्याची. भारतात नोंदणी नसतानाही, जो आधीपासून प्रामाणिकपणे नाव वापरतोय त्याला हक्क असतो. तमिळनाडूतल्या तिरुनेलवेलीला हलव्याचं एक जुनं दुकान आहे. दुकानात उजेड कमी, म्हणून लोकच त्याला 'इरुट्टुकडै' म्हणजे अंधारं दुकान म्हणू लागले आणि तेच नाव झालं. त्या नावावरून वाद झाला तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये जुन्या दुकानाच्या बाजूने निकाल दिला आणि सांगितलं की आधी वापरणाऱ्याचा हक्क नोंदणी करणाऱ्याहून वरचढ असतो.

याचा आपल्यासाठी अर्थ काय? ट्रेडमार्कच्या यादीत नाव नाही म्हणून ते मोकळंच आहे असं समजू नका. कुणीतरी नोंदणी न करता वीस वर्षं ते वापरत असेल. अशा माणसाच्या नावावर आपला माल खपवणं, याला कायद्यात 'पासिंग ऑफ' म्हणतात आणि त्याबद्दल कोर्टात खेचता येतं.

आणि आपण आधीपासून वापरतोय म्हणून गाफील राहायचं, असंही नाही. पुण्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून 'बर्गर किंग' नावाचं एक खाद्यगृह चालू आहे. अमेरिकेच्या त्याच नावाच्या कंपनीने २०११ मध्ये त्यांच्यावर दावा लावला. कंपनीचं भारतातलं पहिलं दुकान मात्र २०१४ मध्ये उघडलं. ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने कंपनीचा दावा फेटाळला. म्हणजे पहिल्याच कोर्टात तेरा वर्षं! त्यानंतर प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. आपल्यासारख्या छोट्या माणसाला तेरा वर्षं वकिलाची फी परवडेल का, याचा विचार करा.

स्पेलिंग बदललं की झालं, हा गैरसमज

"त्यांचं एक 'ए' आहे, आपण दोन लावू." हे वाक्य मी स्वतः म्हटलेलं आहे. पण कोर्ट स्पेलिंग मोजत बसत नाही. दुकानात उभं राहिलेल्या साध्या गिऱ्हाइकाचा घोटाळा होईल का, हे पाहतं. आणि त्या गिऱ्हाइकाच्या हातात दोन्ही पाकिटं शेजारी शेजारी नसतात. त्याला जुनं नाव अर्धवट आठवत असतं.

याचं जुनं आणि प्रसिद्ध उदाहरण म्हणजे 'अमृतधारा' आणि 'लक्ष्मणधारा'. दोन्ही औषधं. वाचताना नावं वेगळी वाटतात ना? पण १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सामान्य बुद्धीच्या आणि अर्धवट आठवणीच्या माणसाचा यात गोंधळ होऊ शकतो. नाव तुकडे पाडून पाहायचं नाही, अख्खं पाहायचं आणि ऐकायचं.

गंमत म्हणून ठेवलेली नावंही यातून सुटत नाहीत. दिल्लीतल्या एका कॉफीवाल्यांनी दुकानाचं नाव 'सरदारबख्श' ठेवलं होतं. 'स्टारबक्स' कोर्टात गेली आणि २०१८ मध्ये त्यांना नाव बदलून 'सरदारजी-बख्श' करावं लागलं.

मराठी नावांना तर हा धोका जास्तच आहे. 'लक्ष्मी' हे एकच नाव घ्या. रोमन लिपीत कुणी मध्ये 'एक्स' लावतो, कुणी 'के-एस-एच'. शेवटी कुणी एक 'आय' लावतो, कुणी दोन 'ई'. पाच जणांनी पाच तऱ्हेने लिहिलं तरी कानाला नाव एकच. मी मावशीसाठी यातलं एकच स्पेलिंग शोधलं होतं. तिथेच घात झाला.

ही नावं सुरुवातीलाच बाजूला ठेवा

मालाचं वर्णन करणारी नावं: 'ताजे मसाले', 'घरगुती भाजणी', 'शुद्ध तूप' वगैरे. हे शब्द सगळ्यांचे आहेत, म्हणून सहसा कुणा एकाला मिळत नाहीत. पाकिटावर वर्णन म्हणून जरूर लिहा, पण ब्रँड म्हणून नको.

महापुरुषांची नावं: हे आपल्याकडे खूप जणांना माहीत नसतं. बोधचिन्हे आणि नावे यांच्या गैरवापराला आळा घालणारा १९५० चा कायदा आहे. त्याच्या यादीत छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र आहे, महात्मा गांधींचंही आहे. व्यापारासाठी किंवा ट्रेडमार्कसाठी ते वापरायला बंदी आहे. मनातला आदर कितीही खरा असो, लेबलवर नको.

देवाधर्माची नावं: ट्रेडमार्कच्या यादीत 'साई', 'माऊली', 'गणेश' शोधून पाहा, ढिगाने अर्ज दिसतील. एवढ्या गर्दीत तुमचं नाव उठून दिसणार नाही आणि वाद झालाच तर त्यावर एकट्याचा हक्क सांगणंही कठीण. 'रामायण' हे नाव अगरबत्तीसाठी एकट्याच्या मालकीचं होऊ शकत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दिलेला आहे.

गावाची नावं: कोल्हापुरी चप्पल, पैठणी, सोलापुरी चादर, सांगलीची हळद, या सगळ्यांना भौगोलिक मानांकन म्हणजेच जीआय मिळालेलं आहे. तो हक्क त्या भागातल्या उत्पादकांचा. दुसरीकडची हळद सांगलीची म्हणून विकणं हा कायद्याने गुन्हा ठरू शकतो.

आडनाव: स्वतःचं आडनाव प्रामाणिकपणे वापरायला कायदा मुभा देतो. पण त्याच आडनावाचा त्याच धंद्यातला प्रसिद्ध ब्रँड असेल तर जपून. 'महेंद्र अँड महेंद्र' नावाच्या पेपर मिलला 'महिंद्रा अँड महिंद्रा'ने कोर्टात खेचलं होतं आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मिलची बाजू टिकली नाही.

मोबाईलवर नाव कसं तपासायचं? (स्टेप बाय स्टेप)

आता मुख्य काम. साधारण दोन तास बाजूला काढा आणि वही-पेन घेऊन बसा.

स्टेप १: नावाची सगळी रूपं लिहून काढा. देवनागरीत एकदा, रोमनमध्ये सुचतील तितकी स्पेलिंग्ज. ऱ्हस्व-दीर्घ, 'व' आणि 'ब', 'श' आणि 'स' असे बदल करून पाहा. हिंदीत आणि इंग्रजीत त्या नावाचा अर्थ काय होतो तेही लिहा.

स्टेप २: आपला वर्ग ठरवा. आणि शेजारचे वर्गही. मसाल्यांसाठी ३० मुख्य, पण २९ आणि ४३ सुद्धा बघा. गिऱ्हाइकाला वर्ग माहीत नसतो, एकाच फळीवरचा माल त्याला एकाच घरचा वाटतो.

स्टेप ३: आयपी इंडियाच्या सरकारी वेबसाइटवर जा. तिथे ट्रेडमार्कचा 'पब्लिक सर्च' आहे, तो फुकट आहे. मोबाईलवर पान नीट दिसत नसेल तर ब्राउझरमध्ये 'डेस्कटॉप साइट' सुरू करा.

स्टेप ४: आधी 'वर्डमार्क' शोध घ्या. त्यात 'स्टार्ट विथ' आणि 'कंटेन्स' असे पर्याय असतात. 'कंटेन्स' निवडलं की तुमचा शब्द मधे किंवा शेवटी असलेली नावंही दिसतात. आपला वर्ग क्रमांक टाका आणि प्रत्येक स्पेलिंग शोधा.

स्टेप ५: मग 'फोनेटिक' शोध घ्या. हा उच्चारावरून शोधतो. मी हाच केला नव्हता! यादी लांबलचक येते, कंटाळा येतो, पण शेवटपर्यंत वाचा आणि नावं मोठ्याने उच्चारून बघा.

स्टेप ६: स्टेटस समजून घ्या. 'रजिस्टर्ड' म्हणजे नोंदणी झालेली. 'ऑब्जेक्टेड' म्हणजे तपासणी अधिकाऱ्याने हरकत काढली आहे, पण अर्ज जिवंत आहे. 'अपोज्ड' म्हणजे दुसऱ्या कुणीतरी विरोध केलाय. 'अबँडन्ड' म्हणजे अर्ज सोडून दिलेला. पण अर्ज सोडला म्हणजे धंदा बंद केला असं नाही. तो माणूस बाजारात अजून तेच नाव वापरत असेल, तर तुम्हाला अडचण येऊ शकते.

स्टेप ७: आता बाजार तपासा. गुगल, गुगल मॅप्स, इन्स्टाग्राम, फेसबुक, यूट्यूब, प्ले स्टोअर आणि ऑनलाइन विक्रीच्या साइट. सगळीकडे देवनागरीतही शोधा, कारण गावातले कितीतरी ब्रँड फक्त मराठीतच लिहिलेले असतात. एक चक्कर जवळच्या किराणा दुकानातही मारा. मोबाईलमध्ये न सापडणारी पाकिटं तिथे लटकलेली असतात.

स्टेप ८: कंपनी काढायची असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर कंपन्यांची नावंही बघा.

स्टेप ९: फोनवर नाव सांगून पाहा. तीन जणांना कॉल करा, नाव एकदाच सांगा आणि त्यांना लिहून पाठवायला सांगा. तिघांनी तीन तऱ्हेने लिहिलं, तर ती तिन्ही स्पेलिंग्ज पुन्हा शोधा.

या चाळणीतून नाव पार पडलं, तरच लेबल छापायला द्या. आणि पैसे मोठे गुंतणार असतील, तर अर्जाआधी एकदा ट्रेडमार्कचं काम करणाऱ्या वकिलाला दाखवा.

मग वेगळं नाव सुचणार कुठून?

हल्ली सगळे एआयला विचारतात. विचारा, त्यात गैर काही नाही. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक म्हणजे, तो नाव सुचवतो तेव्हा ट्रेडमार्कची यादी उघडून बघितली असेलच असं नाही. 'हे नाव उपलब्ध आहे' असं त्याने छातीठोक सांगितलं, तरी वरच्या सगळ्या स्टेप्स कराव्याच लागतात. दुसरं म्हणजे, तुम्ही 'मसाल्यांसाठी मराठी नाव सुचव' विचारलंत, तसंच आणखी शंभर जणांनी विचारलेलं असतं. तीच 'स्वाद', 'चव', 'रुची', 'सुगंध' यांची फिरवाफिरव सगळ्यांना मिळते.

कायद्याच्या दृष्टीने सगळ्यात भक्कम नाव म्हणजे ज्याचा मालाशी थेट संबंध नाही, किंवा जे आधी अस्तित्वातच नव्हतं. 'कोडॅक' हा शब्द कोणत्याही भाषेत नव्हता, तो कॅमेऱ्यासाठी बनवला गेला. 'ॲपल' म्हणजे सफरचंद हे सगळ्यांना माहीत आहे, पण कॉम्प्युटरशी त्याचा काय संबंध? म्हणूनच ते लक्षात राहतं. याउलट 'घरगुती भाजणी' हे नाव पहिल्या दिवशी सोपं वाटतं, पण उद्या शेजारणीने तेच लिहिलं तर तिला अडवणार कसं?

आपल्याकडे शब्दांचा तुटवडा नाही. घरातली जुनी भांडी, आजीच्या तोंडचे शब्द, शेताचं किंवा विहिरीचं घरगुती नाव, लहान मुलाने चुकीचा उच्चारलेला शब्द, दोन शब्द जोडून बनवलेला नवा शब्द. पाटा, शिंकाळं, उखळ असे शब्द थेट घ्याच असं मी म्हणत नाही, तेही आधी कुणी घेतलेले असू शकतात. पण शोध तिथून सुरू करा.

आणखी एक. नाव देवनागरीत लिहून बघा. महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठीत, देवनागरी लिपीत पाटी लावणं बंधनकारक आहे, आणि मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. उद्या दुकान काढलंत तर तेच नाव पाटीवर मोठ्या अक्षरात येणार आहे. ते वाचायला अवघड नको.

अर्ज, फी आणि वेळ

अर्जाचा फॉर्म 'टीएम-ए' नावाचा आहे. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असेल तर ऑनलाइन फी एका वर्गासाठी ४,५०० रुपये. इतरांसाठी ९,००० रुपये. लघुउद्योग म्हणून सवलत हवी असेल तर उद्यम प्रमाणपत्र इथे कामाला येतं. वकील लावला तर त्यांची फी वेगळी. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी ट्रेडमार्कचं कार्यालय मुंबईत आहे.

अर्जात नाव कधीपासून वापरताय ते लिहावं लागतं. अजून वापर सुरू नसेल तर 'पुढे वापरणार' असा पर्याय असतो. आधीपासून वापरत असाल तर प्रतिज्ञापत्र आणि पुरावे लागतात. म्हणून पहिलं बिल, पहिलं लेबल, छपाईची पावती, पहिली पोस्ट, सगळं तारखेसह एका फोल्डरमध्ये जपून ठेवा. इन्स्टाग्राम हँडलने हक्क मिळत नाही, पण तिथल्या जुन्या पोस्ट वापराचा पुरावा म्हणून उपयोगी पडू शकतात.

अर्ज तपासल्यावर हरकत निघाली तर अहवाल मिळाल्यापासून एका महिन्यात उत्तर द्यावं लागतं. सगळं ठीक असेल तर नाव ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापलं जातं आणि त्यानंतर चार महिने कुणालाही विरोध करता येतो. विरोध झाला नाही तर नोंदणी. ती अर्जाच्या तारखेपासून १० वर्षं टिकते आणि पुढे दर १० वर्षांनी नूतनीकरण करता येतं.

अर्जातली माहिती सार्वजनिक असते. त्यामुळे 'तुमचा ट्रेडमार्क अडकलाय, लगेच पैसे भरा' असे फसवे कॉल येऊ शकतात. अर्जाचं स्टेटस स्वतः सरकारी साइटवर बघा आणि लिंकवरून पैसे पाठवू नका.

नोटीस आलीच तर काय करायचं?

घाबरून पेज डिलीट करू नका आणि रागाने व्हॉट्सॲपवर उत्तरही देऊ नका. आधी त्यांचा ट्रेडमार्क क्रमांक साइटवर टाकून बघा. तो खरंच नोंदलेला आहे का? कोणत्या वर्गात? त्यांचा वापर कधीपासून, तुमचा कधीपासून? हे चार मुद्दे कागदावर लिहा आणि दिलेल्या मुदतीच्या आत वकिलाकडे जा. कधी नोटीस पोकळ असते, कधी ती खरी असते. ते तुमच्या आणि त्यांच्या तारखांवरून ठरतं. पण गप्प बसणं हा सगळ्यात वाईट पर्याय.

नेहमी पडणारे प्रश्न

नावापुढे 'टीएम' कधी लावायचं?
नोंदणी झाली नसली तरी लावता येतं. हे नाव मी माझा ब्रँड म्हणून वापरतोय, एवढंच ते सांगतं. गोलातला 'आर' मात्र फक्त नोंदणी झाल्यावरच. नोंदणी नसताना तो लावणं कायद्याने दंडनीय आहे.

नाव आणि लोगो एकत्र नोंदवू की वेगळे?
पैसे एकाच अर्जापुरते असतील तर आधी फक्त नावाचा अर्ज बरा पडतो. लोगो उद्या बदलाल, नाव नाही.

नाव नोंदवून ठेवलं आणि वापरलंच नाही तर?
सलग पाच वर्षांहून जास्त काळ वापर नसेल, तर ते यादीतून काढून टाकावं म्हणून दुसरा कुणी अर्ज करू शकतो.

शेवटी...

मावशीचं दुसरं बारसं आम्ही सगळ्यांनी मिळून केलं. आजीच्या घरी भाजणीच्या पितळी डब्याला एक लाडकं नाव होतं. लहानपणी मामाने ठेवलेलं, कुठल्याही शब्दकोशात नसलेलं. मावसबहिणीला तेच आठवलं. या वेळी मी पंधरा मिनिटांत 'फ्रेश आहे' म्हटलं नाही. अकरा स्पेलिंग्ज लिहिली, तीन वर्गांत शोधली, फोनेटिक यादी शेवटपर्यंत वाचली. मिरजेतली सहा किराणा दुकानं फिरलो. मग साडेचार हजार रुपये भरून मावशीच्या नावाने अर्ज केला आणि त्यानंतरच लेबलं छापली.

जाहिरात नको म्हणून ते नाव इथे सांगत नाही. पण गोष्ट खरी आहे. पहिल्या लेबलांवर जेवढे पैसे वाया गेले, त्यापेक्षा अर्जाची फी कमी होती. आणि मावशीच्या हाताला जी चव आहे ती कुणाला उचलता येत नाही, पण ती चव ज्या नावाने लोकांच्या लक्षात राहते ते नाव मात्र वेळेत राखावं लागतं.

तुमच्या ओळखीत कुणी नवा व्यवसाय सुरू करत असेल, तर लेबलं छापायला द्यायच्या आधी हा लेख त्यांना नक्की पाठवा.